‘क्रिप्टोनॉमिकॉन’ वाचायला घेताय? आधी लोकांची मतं वाचायला शिका

नील स्टीफनसनची ‘क्रिप्टोनॉमिकॉन’ मी दोनदा अर्धवट टाकली. दोन्ही वेळा दोष पुस्तकाचा कमी, आणि लोकांची मतं ऐकण्याच्या माझ्या पद्धतीचा जास्त होता. पहिल्यांदा कुणीतरी ‘दुसऱ्या महायुद्धातली थरारकथा’ म्हणालं म्हणून फ्लोरा फाउंटनजवळच्या फुटपाथवरून जुनी प्रत उचलली. साठाव्या पानापर्यंत थरार बेताचाच, गणिताच्या गप्पाच जास्त. ठेवून दिली. दोन वर्षांनी पुन्हा काढली तेव्हा एकाने बजावलं होतं, ‘मधलं पाल्हाळ सरळ उडव, गोष्ट तेवढी वाच.’ तसं केलं. तीनशे पानांनंतर कोण कुठे आणि कशासाठी चाललंय हेच कळेना.

तिसऱ्या खेपेला कोणाचंही न ऐकता अडीच महिन्यांत संपवली आणि मग त्या सगळ्या मतांकडे परत गेलो. लोक खोटं बोलत नव्हते. एकाला जे पान जीव की प्राण, त्याच पानावर दुसऱ्याने पुस्तक मिटलेलं. त्यानंतर घरातल्या आणि ऑफिसातल्या तिघांना मी ती वाचायला लावली: बँकेतून निवृत्त झालेले मामा, शाळेत इतिहास शिकवणारी ताई, आणि शेजारच्या टेबलावरचा एक प्रोग्रामर मित्र. तिघांची भांडणं ऐकून जे शहाणपण आलं ते खाली लिहितो आहे. कथेतली गुपितं फोडणार नाही.

१. हे नक्की काय प्रकरण आहे?

१९९९ साली आलेली इंग्रजी कादंबरी. पहिल्या आवृत्तीत ९१८ पानं. छोट्या आकाराच्या पेपरबॅकमध्ये हजाराच्या वर जातात. दोन काळ आलटून पालटून चालतात. एक १९४० च्या दशकातला, दुसरा १९९० च्या दशकाच्या शेवटाचा.

युद्धाच्या भागात तीन माणसं धरून ठेवायची. लॉरेन्स वॉटरहाउस हा अमेरिकन नौदलातला गणितज्ञ, बॉबी शाफ्टो हा मरीन सैनिक, आणि गोटो डेंगो हा जपानी खाणतज्ज्ञ. आधुनिक भागात लॉरेन्सचा नातू रँडी. तो मित्राबरोबर मनिलात एक कंपनी काढतो. समुद्राखालून केबल टाकायची आणि एका छोट्या सल्तनतीत कोणत्याच सरकारचा हात पोचणार नाही अशी माहितीची तिजोरी उभारायची, असा त्यांचा बेत. दोन्ही काळांना बांधणारा दोरा म्हणजे फुटलेले आणि न फुटलेले गुप्त संदेश, आणि फिलिपिन्समधलं सोनं.

जाता जाता एक गंमत. स्टीफनसनचा जन्म १९५९ चा, मेरीलँडमधल्या फोर्ट मीडचा. अमेरिकेची संदेश फोडणारी संस्था, एनएसए, तिचं मुख्यालय तिथेच आहे.

२. सोबत काय काय लागेल

यादी छोटी आहे, पण मी पहिल्या दोन खेपांना यातलं काहीच घेतलं नव्हतं.

- दोन बुकमार्क. एक चालू पानाला. दुसरा त्याच पात्राचं मागचं प्रकरण जिथे संपलं तिथे. शाफ्टो पन्नास पानांनी परत येतो तेव्हा दुसरा बुकमार्क उपयोगी पडतो.
- एक वही. चार रकाने: वॉटरहाउस, शाफ्टो, गोटो, रँडी. प्रत्येक प्रकरणाची एक ओळ, त्याहून जास्त नको.
- पॅसिफिकचा नकाशा, ज्यात ग्वाडलकॅनाल, न्यू गिनी, ब्रिस्बेन आणि मनिला एकाच नजरेत येतील असा.
- पत्त्यांचा कॅट, दोन्ही जोकर शाबूत असलेला. याचं कारण सातव्या पायरीत.
- लोकलने जात असाल तर ई-बुक. छापील प्रत उभ्याने एका हातात धरून वाचता येत नाही. माझ्या मनगटाचा अनुभव आहे. शिवाय ई-बुकात नाव शोधता येतं, आणि ‘हा माणूस आधी कुठे भेटला होता?’ हा प्रश्न या कादंबरीत दर तीस पानांनी पडतो.

३. मत वाचताना तारे मोजू नका, माणूस ओळखा

पाचपैकी किती तारे दिले यावरून या पुस्तकाबद्दल काहीही कळत नाही. मत वाचताना तीन गोष्टी शोधायच्या: हा माणूस कशासाठी वाचायला बसला होता, कोणत्या पात्रावर त्याचा जीव जडला, आणि सोडली असेल तर कुठे सोडली.

माझ्या पाहण्यात साधारण चार जातीचे वाचक आले.

पहिला युद्धकथेसाठी आलेला. त्याला शाफ्टो आवडतो, पाणबुड्या आवडतात, आणि रँडीची प्रकरणं आली की तो उसासे टाकतो. ‘निम्मं पुस्तक झकास, निम्मं कंटाळवाणं’ असं लिहिणारा बहुतेक हाच.

दुसरा संगणकवाला. आमचा प्रोग्रामर मित्र यातला. त्याला रँडीच जवळचा वाटला. ऑफिसातली राजकारणं, गुंतवणूकदारांच्या बैठका, मेल एन्क्रिप्ट करण्याचा, म्हणजे संकेतात बदलून पाठवण्याचा हट्ट. मधेच एका ईमेलमध्ये पर्ल भाषेतला चालणारा प्रोग्राम छापलेला आहे, ते पान बघून तो हरखला. ताईने ते पान बघून विचारलं, ‘छपाईची चूक आहे का ही?’

तिसरा इतिहासवाला, हा सर्वांत कडक परीक्षक. आणि चौथा, ज्याला लेखकाची भाषाच आवडते. गोष्ट पुढे सरकली नाही तरी त्याचं बिनसत नाही, एका परिच्छेदावर तो दिवस काढतो. मामा असे निघतील असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

तुम्ही यातले कोण ते आधी ठरवा, आणि आपल्याच जातीच्या वाचकाचं मत तेवढं मनावर घ्या.

सापळा: या पुस्तकाला २००० साली विज्ञानकथा विभागातला लोकस पुरस्कार मिळाला आहे. त्या शिक्क्यावर विसंबून यानं आणि परग्रह शोधत आलेले वाचक नाराज होऊन जातात. इथे भविष्यकाळ नाहीच. आहे तो भूतकाळ, आणि आता भूतकाळ झालेला तेव्हाचा वर्तमान.

४. पहिली शंभर पानं: इथेच निम्मे गळतात

सुरुवात नोव्हेंबर १९४१ च्या शांघायमध्ये होते, भरधाव ट्रकवर. तेवढ्यावरून वेगवान पुस्तकाची अपेक्षा तयार होते आणि लगेच पुढे लॉरेन्स, अॅलन ट्युरिंग (हा खराखुरा ब्रिटिश गणितज्ञ) आणि एक जर्मन विद्यार्थी प्रिन्स्टनच्या आसपास सायकली हाणत गणितावर बोलू लागतात. मी इथेच पडलो होतो.

उपाय असा: शंभर पानं होईपर्यंत ‘गोष्ट काय आहे’ हा प्रश्न स्वतःला विचारायचाच नाही. कोण कसा आहे तेवढं बघायचं. लॉरेन्स नौदलाची बुद्धिमत्ता चाचणी देतो तो प्रसंग याच भागात आहे. नदीतून जाणाऱ्या बोटीचं साधं, शाळेतलं गणित. आपण काळ-काम-वेगात सोडवलेलं. पण याच्या मनात येतं की नदीचा प्रवाह काठाला आणि मध्यभागी सारखा कसा असेल? तो त्या विचारात बुडतो, पुढचे प्रश्न राहून जातात, आणि नौदल त्याला मठ्ठ समजून बँडमध्ये वाद्य वाजवायला पाठवतं. हा प्रसंग तुम्हाला हसवून गेला तर पुस्तक तुमचं आहे. ‘मुद्द्यावर या ना’ असं वाटलं तर पुस्तक आताच कुणालातरी देऊन टाका. पुढची आठशे पानं याच स्वभावाची आहेत.

५. खरं काय, रचलेलं काय

मतांमध्ये सर्वांत जास्त घोळ इथे होतो. कुणी म्हणतं ‘इतिहास शिकायला मिळाला’, कुणी म्हणतं ‘सगळं काल्पनिक आहे’. दोघंही अर्धे बरोबर.

रचलेलं: किनाकुटा ही सल्तनत. स्वीडनमधलं नॉर्सब्रुक. ब्रिटनच्या उत्तरेचं एक बेट, ज्याच्या इंग्रजी नावात एकही स्वर नाही. नकाशात ही शोधत बसू नका, मी एक संध्याकाळ घालवली आहे. ‘फिनक्स’ नावाची संगणकप्रणाली म्हणजे आपलं लिनक्सच, नाव बदलून. ‘तुकडी २७०२’ सुद्धा रचलेली. तिच्या क्रमांकाची गोष्ट मात्र छान आहे. आधी तिचा आकडा २७०१ असतो. पण २७०१ म्हणजे ३७ गुणिले ७३. दोन्ही मूळ संख्या, त्यातून एकमेकींच्या उलट्या. शत्रूकडच्या गणितज्ञाच्या नजरेत असा आकडा चटकन भरेल, म्हणून तो बदलतात.

खरं: ती तुकडी ज्या अडचणीसाठी काढलेली आहे ती अडचण. शत्रूचे संदेश तुम्ही वाचू लागलात आणि प्रत्येक माहितीवर कारवाई केलीत, तर शत्रूला संशय येणार आणि तो यंत्रणा बदलणार. म्हणून भूमध्य समुद्रात शत्रूचा ताफा बुडवण्याआधी ब्रिटिश मुद्दाम एक टेहळणी विमान त्याच्या नजरेस पडेल असं पाठवत. ‘विमानाने आपल्याला पाहिलं’ असं त्यांना वाटावं म्हणून. कादंबरीतली तुकडी हेच काम करते, फक्त जास्त वेडेपणाने. माझ्या मते पुस्तकाचा सर्वांत अस्सल भाग हाच, आणि ‘ही मोहीम अतर्क्य वाटते’ अशी तक्रार करणाऱ्यांना बहुतेक हा संदर्भ माहीत नसतो.

थोडी खरी पार्श्वभूमी आधीच डोक्यात असली तर वाचन सोपं जातं. एनिग्मा हे जर्मन सैन्याचं संकेतयंत्र पहिल्यांदा फोडलं ते पोलंडच्या मारियान रेयेव्हस्कीने, १९३२ च्या डिसेंबरात. जुलै १९३९ मध्ये, युद्ध तोंडावर असताना, पोलिश गणितज्ञांनी आपलं सगळं ज्ञान वॉर्सॉजवळ ब्रिटिश आणि फ्रेंचांच्या हवाली केलं. त्या पायावर ब्लेचली पार्कचं, म्हणजे ब्रिटनच्या संकेत फोडण्याच्या केंद्राचं काम उभं राहिलं. जपानची ‘पर्पल’ ही संकेतयंत्रणा अमेरिकनांनी १९४० मध्ये फोडली. आणि १८ एप्रिल १९४३ रोजी जपानच्या अॅडमिरल यामामोतोचं विमान बुगनव्हिल बेटावर पाडलं गेलं ते त्याच्या दौऱ्याचं वेळापत्रक वाचूनच. कादंबरीत हा प्रसंग आहे, आणि १९४३ च्या मार्चमधली बिस्मार्क समुद्राची लढाईसुद्धा. गोटो डेंगोची प्रकरणं तिथून अशी पकड घेतात की मी एक स्टेशन पुढे गेलो होतो.

आपल्याकडच्या वाचकांना एक दुवा आवडेल. संकेत फोडण्याच्या या लढाईचं एक केंद्र दिल्लीत होतं. वायरलेस एक्स्पेरिमेंटल सेंटर, आनंद पर्वतावर, रामजस कॉलेजच्या इमारतीत. जपानी सैन्याच्या जलवाहतुकीचा संकेत १९४३ च्या एप्रिलमध्ये फुटला तो ब्रिस्बेनच्या आणि दिल्लीच्या या केंद्रांत. कादंबरी ब्रिस्बेनला जाते, दिल्लीला येत नाही. ताईला याचा रागच आला. मला वाटतं, एवढ्या पसाऱ्यात आणखी एक शहर नकोच होतं.

६. पाल्हाळ: उडवायचं की नाही?

आता सगळ्यांत भांडणाचा मुद्दा. कॅप्टन क्रंच नावाचं मक्याचं सिरियल दुधात मऊ न पडू देता कसं खावं, यावर रँडीची कित्येक परिच्छेदांची शास्त्रीय पद्धत आहे. अक्कलदाढ काढण्यावर आहे. दाढी ठेवणाऱ्या पुरुषांवरच्या प्राध्यापकी संशोधनावर आहे. या जागा लोकांच्या मतांत हमखास सापडतात. कुणी ‘संपादक झोपला होता काय’ म्हणतं, तर कुणी ‘याच जागांसाठी मी दरवर्षी पुस्तक काढतो’ म्हणतं.

माझं मत बदलत गेलं, म्हणून सांगतो. आजीच्या फर्निचरच्या वाटणीचा प्रसंग घ्या. रँडीचे नातेवाईक मोकळ्या पार्किंगच्या जागेत क्ष आणि य अक्ष आखतात. एक अक्ष वस्तूच्या किमतीचा, दुसरा तिच्यावरच्या मायेचा. मग प्रत्येक घर आपल्या दृष्टीने वस्तू जिथे असायला हवी तिथे ती ढकलत नेतं. गोष्टीच्या दृष्टीने पाहिलं तर हे सगळं दोन ओळींत संपलं असतं. पण आपल्यापैकी ज्यांनी आजीच्या पाटल्या आणि तांब्याच्या घंगाळावरून तीन बहिणींचा अबोला पाहिलाय, त्यांना हे प्रकरण वाचताना हसू आणि कसंतरी दोन्ही होतं. मामांनी हे प्रकरण मला फोनवर वाचून दाखवलं. आमच्याकडच्या वाटणीला ते हजर होते.

तर नियम असा ठेवा: विषयांतर सुरू झालं की दोन पानं द्या. हसू आलं नाही तर त्या प्रकरणाच्या शेवटच्या पानावर जा, ते पूर्ण वाचा आणि पुढे चला. पण अख्खं प्रकरण कधीही गाळू नका. स्टीफनसन महत्त्वाची गोष्ट नेमकी बडबडीच्या मधे टाकून जातो. दुसऱ्या खेपेला मी एक ‘निरर्थक’ प्रकरण गाळलं आणि पुढे दोनशे पानं एक माणूस जिवंत कसा, हे कोडं पडून राहिलं.

७. गणित आणि पत्ते

गणित येत नाही म्हणून घाबरू नका. लसावि येत असेल तर पुरे. ट्युरिंगच्या सायकलीची साखळी दर काही फेऱ्यांनी निसटते, त्यावरून लेखक संकेतयंत्रांचं चक्र समजावतो. तेच आपल्या भाषेत: गावात दर सातव्या दिवशी आठवडी बाजार आणि नळाला दर चौथ्या दिवशी पाणी. बाजार आणि पाणी एकाच दिवशी परत कधी येणार? २८ दिवसांनी. पण पाणी चौथ्या दिवशी आणि टँकर सहाव्या दिवशी असेल तर १२ दिवसांतच गाठ पडते, कारण ४ आणि ६ ला दोनाने भाग जातो. संकेतयंत्र बनवणाऱ्याला हे चक्र होईल तेवढं लांब हवं असतं, फोडणाऱ्याला ते कुठे परत सुरू होतं ते हुडकायचं असतं. एनिग्माच्या तीन चाकांच्या २६ × २६ × २६ म्हणजे १७,५७६ स्थिती होतात. मधल्या चाकाच्या एका खोडीमुळे प्रत्यक्षात चक्र १६,९०० वर येतं. एवढं कळलं की ते प्रकरण वाचता येतं. बाकीची सूत्रं नजरेखालून घातली तरी चालतात. आमच्या प्रोग्रामरला हे पटत नाही, तो वही घेऊन बसला होता.

आता पत्ते. पुस्तकाच्या शेवटी ब्रूस श्नायर या संकेततज्ज्ञाची परिशिष्टात दिलेली एक खरी पद्धत आहे. तिचं नाव सॉलिटेअर. कादंबरीत तिला पाँटिफेक्स म्हणतात. संगणक न वापरता, फक्त पत्त्यांच्या कॅटने संदेश गुप्त करायचा. हिच्याबद्दलची मतं वाचताना एक गोष्ट जाणवते: ज्यांनी ती हाताने करून पाहिली ते पुस्तकाबद्दल वेगळ्याच आपुलकीने बोलतात. म्हणून एकदा कराच.

पानांना क्रमांक द्या. ब्रिजचाच क्रम: किलवर १ ते १३, चौकट १४ ते २६, बदाम २७ ते ३९, इस्पिक ४० ते ५२. एक्का लहान, राजा मोठा. दोन्ही जोकर ५३, पण त्यांच्यावर ‘अ’ आणि ‘ब’ अशी पेन्सिलीने खूण करा. सरावासाठी कॅट याच क्रमाने, चित्रं वर करून लावा, शेवटी अ आणि ब. मग:

- अ जोकर एक पान खाली सरकवा.
- ब जोकर दोन पानं खाली सरकवा. तळ आला तर वरच्या पहिल्या पानाखालून मोजणी पुढे चालू.
- कॅटचे तीन भाग करा: वरच्या जोकरच्या वरची पानं, दोन जोकर आणि त्यांच्यामधली पानं, खालच्या जोकरच्या खालची पानं. पहिला आणि तिसरा भाग आपसांत बदला.
- तळाचं पान बघा. त्याचा जो क्रमांक, तेवढी पानं वरून मोजून उचला आणि तळाच्या पानाच्या अगदी वर ठेवा. तळाचं पान जागचं हलत नाही.
- सगळ्यात वरचं पान बघा, तेवढी पानं मोजा, आणि त्याच्या पुढचं पान म्हणजे तुमचा आकडा. ते जोकर निघालं तर सगळं पुन्हा करा.

बरोबर केलंत तर पहिला आकडा ४ येईल, म्हणजे किलवरचं चारचं पान. दुसरा ४९, म्हणजे इस्पिकची दश्शी. माझा दुसरा आकडा तीन वेळा चुकला, कारण तळाचं पान मी हलवत होतो. आलेला आकडा संदेशातल्या अक्षराच्या क्रमांकात मिळवायचा आणि बेरीज २६ च्या वर गेली की २६ वजा करत राहायचं. समोरच्याकडे तसाच लावलेला कॅट असेल तर तो वजाबाकी करून मूळ अक्षर काढतो. शाळेत आपण च-ची भाषा बोलायचो, त्यात ‘घरी’चं ‘चरीघ’ व्हायचं आणि नियम कळला की सगळ्या वर्गाला कळायचं. इथे नियम उघड छापलेला आहे, तरी पानांचा क्रम माहीत नसेल तर उपयोग नाही, आणि ५४ पानांचे क्रम किती होतात? तो आकडा ७२ अंकी आहे.

सापळा: ही पद्धत खऱ्या गुपितासाठी वापरू नका. १९९९ सालीच पॉल क्राउलीने दाखवलं की लागोपाठ दोन आकडे सारखे येण्याचं प्रमाण २६ त एकदा असायला हवं, ते इथे साधारण २२.५ त एकदा आहे. शिवाय एक छोटा संदेश हाताने लपवायला अख्खी संध्याकाळ लागते.

८. कोणत्या तक्रारी खऱ्या आहेत

आवडत्या पुस्तकाबद्दल लिहिताना हा भाग गाळायचा मोह होतो. पण तुम्ही पैसे आणि दोन महिने घालणार आहात.

स्त्रियांची पात्रं पातळ आहेत. ताईचा हा मुख्य आक्षेप, आणि तिच्यापुढे माझं काही चाललं नाही. ब्लेचली पार्कमध्ये काम करणाऱ्यांत सुमारे तीन चतुर्थांश स्त्रिया होत्या. इटालियन नौदलाचे संदेश फोडणारी मेव्हिस लीव्हर, ट्युरिंगबरोबर काम करणारी जोन क्लार्क. तिकडे वॉशिंग्टनमध्ये पर्पल फुटण्याची पहिली फट दिसली ती जेनेव्हीव ग्रोटजनला. कादंबरीत मात्र विचार करणारे सगळे पुरुष, आणि बायका बहुतेक त्यांच्या विचारांत. १९९९ च्या तरुण पुरुष वाचकांना हे खटकलं नसेलही, आज खटकतं.

युद्धकाळातले सैनिक जपान्यांबद्दल वापरतात ते अपशब्द जसेच्या तसे आहेत. त्या काळाची ती बोली होती हे खरं, आणि गोटो डेंगोला लेखकाने पूर्ण माणूस केलं आहे हेही खरं. तरी कानाला लागतं. मोठ्यांसाठीच्या जागाही आहेत, तेव्हा आठवीतल्या हुशार भाच्याला ‘गणिताचं छान पुस्तक’ म्हणून देऊ नका.

योगायोग फार. दोन घराण्यांची माणसं दोन पिढ्यांत पुन्हा पुन्हा एकमेकांना आपटतात. मला चाललं.

‘तंत्रज्ञान जुनं झालं’ ही तक्रार मात्र मला उलटी वाटते. १९९९ मध्ये अमेरिकेत सक्षम एन्क्रिप्शन परदेशी पाठवण्यावर बंधनं होती. ती जानेवारी २००० मध्ये बरीच सैल झाली. त्या भांडणाच्या मधोमध हे पुस्तक लिहिलं गेलं. पुस्तक आल्यावर पुढच्याच वर्षी ब्रिटनजवळच्या समुद्रातल्या सीलँड नावाच्या जुन्या युद्धकालीन चौथऱ्यावर हेवनको नावाच्या कंपनीने खरोखरच माहितीची तिजोरी थाटली. ती काही वर्षांत बंद पडली. रँडीच्या कंपनीला सोन्याच्या आधारावर डिजिटल चलन काढायचं असतं. बिटकॉइन आलं ते २००९ मध्ये. मामा इथे मात्र गरम झाले. ‘सोन्याच्या आधाराचं चलन म्हणजे काय ते या पोरांना माहीत तरी आहे का?’ म्हणून त्यांनी मला पाऊण तास रुपयाचा इतिहास ऐकवला.

९. शेवट आणि त्यानंतर

शेवट अचानक येतो. हे जवळजवळ प्रत्येक मतात सापडेल आणि ते खरं आहे. नऊशे पानं निवांत चाललेला माणूस शेवटच्या वळणावर धावत सुटतो. हे आधीच माहीत असलं तर शेवटची पन्नास पानं एका बैठकीत वाचायची तयारी ठेवता येते. रविवार दुपार त्यासाठी राखा.

एका पाद्र्याबद्दलचं कोडं शेवटीही सुटत नाही. वाचून होईपर्यंत त्याचं नाव कुठेही शोधू नका. मी शोधलं आणि पस्तावलो. त्याचं उत्तर हवं असेल तर स्टीफनसनने पुढे २००३ आणि २००४ मध्ये ‘बरोक सायकल’ नावाने तीन जाडजूड खंड लिहिले. न्यूटन आणि लायब्निझच्या काळातले, याच वॉटरहाउस आणि शाफ्टो घराण्यांच्या पूर्वजांचे. तिकडे हात घालण्याआधी सहा महिने थांबा. दुसरं काहीतरी पातळ वाचा.

मामा थांबले नाहीत. दुसऱ्या खंडाच्या मध्यावर आहेत, माझे दोन्ही बुकमार्क त्यांच्याकडेच आहेत.